लाल रोटाला हिरवा का होतो?

पाणवनस्पतींच्या टँकविषयी या वेळी आलेले बहुतेक प्रश्न स्टेम प्लांट्सच्या, म्हणजे रोटालासारख्या उभ्या देठाच्या पाणरोपांच्या, रंगाचे आहेत. पहिल्या उत्तरात थोडे सविस्तर लिहिले आहे, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ तिथेच सापडते.

प्रश्न : आणला तेव्हा रोटाला रोटुंडिफोलियाचे शेंडे गुलाबी-लाल होते. महिनाभरात सगळा हिरवा झाला. लोहाचे टॉनिक दुप्पट केले, तरी फरक नाही. टँक १०० लिटरचा, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) सुरू आहे, दिवा आठ तास, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास. (नाशिक)

उत्तर : लोहाची बाटली आधी बाजूला ठेवा. रोटालाची लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची असते आणि त्यात लोह नसते. लोह लागते ते हरितद्रव्य तयार होण्यासाठी. ते कमी पडले तर कोवळी पाने फिकट पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तसे दिसत नसेल तर जादा लोहाने काहीही साधणार नाही.

तुमच्या पत्रातला खरा धागा आहे नायट्रेटचा आकडा. भरपूर प्रकाशात पान साखर बनवते. पाण्यात नायट्रेट मुबलक असले की ती साखर प्रथिने, हरितद्रव्य आणि नवी वाढ यांत खर्च होते. रोप जोमदार दिसते, पण हिरवे. नायट्रेट मोजके असले की साखर शिल्लक पडते, तिच्यातून अँथोसायनिन बनते आणि ते पानाला तीव्र उजेडापासून जपते. रोटालासाठी नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम ठेवा. शून्यावर मात्र नेऊ नका. तिथे वाढ थांबते, खालची पाने पिवळी पडतात आणि दुबळ्या पानांवर शेवाळ धरते.

पहिले दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी निम्मे पाणी बदला आणि माशांचे खाणे आटोक्यात आणा. नायट्रेट १० च्या खाली आले की मोजून खत सुरू करा. त्यासाठी महागड्या बाटल्या लागत नाहीत. द्राक्षबागांना ठिबकमधून देतात ती विद्राव्य खते चालतात : १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. १९:१९:१९ किंवा १२:६१:०० टँकमध्ये कधीही टाकू नका. पहिल्यात युरिया आणि अमोनियम असते, दुसऱ्यात अमोनियम. मासे दगावतात आणि शेवाळ उसळते.

५०० मिली आरओ पाण्यात १६ ग्रॅम १३:००:४५ विरघळवा. १०० लिटरमध्ये या द्रावणाचे १० मिली टाकले की नायट्रेट साधारण २ मिलिग्रॅमने वाढते. दुसऱ्या बाटलीत ५०० मिलीला ३.६ ग्रॅम ००:५२:३४. याच्या १० मिलीने फॉस्फेट अर्ध्या मिलिग्रॅमने वाढते. पहिले द्रावण आठवड्यातून तीनदा, दुसरे दोनदा. लोह आणि फॉस्फेट एकाच दिवशी देऊ नका, एकत्र आले की साका धरतो. वजनासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा, स्वयंपाकघरातला नको.

आता उजेड. शेंडा पाण्याच्या वरच्या थरात पोचल्यावर लाल होत असेल आणि खाली हिरवाच राहत असेल, तर दिवा कमी पडतोय. तास वाढवू नका, दिव्याची ताकद वाढवा किंवा तो खाली आणा. दहा तास मंद उजेडात काचेवर शेवाळ येते, लाली येत नाही. शिवाय नुसत्या पांढऱ्या एलईडीत लाल तरंगलांबी कमी असली तर असलेली लालीही करडी दिसते. जुनी पाने फारशी पालटणार नाहीत; दोन-तीन आठवड्यांनी नव्या शेंड्यांवरून पारख करा.

प्रश्न : असेच नायट्रेट कमी केले. रोटाला लाल झाला, पण शेजारचा अल्टरनँथेरा रेनेकी खुरटला. (पुणे)

उत्तर : कारण दोघांचा लाल रंगच वेगळा आहे. अल्टरनँथेरा लाल माठाच्या कुळातला. त्याचा रंग अँथोसायनिनचा नसून बीटात असतो तसल्या बीटालेन गटातल्या रंगद्रव्याचा, आणि त्याच्या रेणूत नायट्रोजन असतो. त्याला उपाशी ठेवून काहीच मिळत नाही. पाण्यातले नायट्रेट १० च्या जवळ ठेवा आणि अल्टरनँथेराच्या मुळाशी दर दोन महिन्यांनी एक रूट टॅब (मुळाशी पुरायची खताची गोळी) पाच सेंटिमीटर खोल खोचा. रोटालाचा झुपका टँकच्या दुसऱ्या टोकाला हलवा, म्हणजे टॅबचे खत त्याच्या मुळांपर्यंत जाणार नाही.

प्रश्न : रोटाला मॅक्रँड्रा तीनदा आणला. दर वेळी शेंडे वाकडे होतात, पाने बारीक होत जातात आणि खोड कुजते. पाणी बोअरचे, केएच (पाण्याचा कार्बोनेट कठीणपणा) १२. उन्हाळ्यात टँक ३२ अंशांवर जातो. (सोलापूर)

उत्तर : मॅक्रँड्रा मूळचा दक्षिण भारतातला, आणि त्याला मऊ पाणी लागते : केएच ० ते ३. केएच १२ मध्ये तो तगत नाही, त्यात तुमच्या निगराणीचा दोष नाही. एक भाग बोअरचे आणि तीन भाग आरओचे पाणी मिसळा, केएच ३ वर येईल. एकदम बदल केला तर माशांना झटका बसतो, म्हणून दर तीन-चार दिवसांनी २० टक्के पाणी याच मिश्रणाने बदलत जा. नुसते आरओचे पाणी भरायचे नाही. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळपास नसते आणि शेंडे पुन्हा वाकडे होतात.

उष्णता हा दुसरा शत्रू. पाणी तापले की त्यात सीओटू आणि प्राणवायू दोन्ही कमी विरघळतात, रोपाचा श्वसनावरचा खर्च वाढतो, लाली उतरते. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावा. सोलापूरच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. (कोकणात पावसाळ्यात या पंख्याचा फारसा उपयोग नाही.) घटलेले पाणी आरओनेच भरा, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. मे महिन्यात दिवा सहा तासांवर आणा.

हे सगळे जमणार नसेल तर लुडविजिया रेपेन्स लावा. कठीण पाण्यात तो आनंदाने वाढतो.

प्रश्न : सीओटू सेकंदाला दोन बुडबुडे सोडतो. संध्याकाळी मासे वर येऊन धापा टाकतात, तरी सकाळी ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणारी छोटी कुपी) निळाच असतो. (म्हापसा)

उत्तर : बुडबुड्यांवरून अंदाज बांधू नका, प्रत्येक डिफ्यूझरचा (गॅस पाण्यात सोडणाऱ्या तोटीचा) बुडबुडा वेगळा. ड्रॉप चेकरमध्ये टँकचे पाणी भरले असेल तर रंगाला अर्थ नाही. तिथे ४ केएचचे द्रावण लागते : एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ०.१२ ग्रॅम खाण्याचा सोडा. हिरवा रंग म्हणजे लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम सीओटू, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त. चेकर एक-दोन तास मागे चालतो, म्हणून दिवा लागून दोन तास झाल्यावर बघा. गॅस दिव्याआधी दोन तास सुरू करा आणि दिवा मालवण्याआधी एक तास बंद करा. रात्रभर गॅस अजिबात नको. फिल्टरचे तोंड थोडे वर वळवून पृष्ठभागावर हलकी लाट ठेवा. मासे धापा टाकत असतील तर आधी गॅस बंद, एअर पंप सुरू, बाकीचे मोजमाप नंतर.

प्रश्न : वर झाडी दाट, खाली उघडे देठ. ट्रिमिंग कुठून करायचे? (ठाणे)

उत्तर : खालच्या पानांना उजेड आणि प्रवाह मिळत नाही, म्हणून ती गळतात. उघड्या देठाला पुन्हा पाने फुटत नाहीत. ८ ते १० सेंटिमीटरचे शेंडे पेराच्या किंचित वर धारदार कात्रीने कापा, खालच्या दोन पेरांची पाने काढा आणि बाकदार चिमट्याने एकेक शेंडा तीन सेंटिमीटर अंतरावर खोचा. जुने बुंधे मुळासकट उपटू नका, थर ढवळतो, जमिनीलगत कापा. रोटुंडिफोलियाला जागच्या जागी छाटले तरी चालते, प्रत्येक कापाखाली बहुधा दोन फुटवे येतात. मॅक्रँड्राला ते मानवत नाही, त्याचे शेंडेच पुन्हा लावा. ट्रिमिंगनंतर लगेच ३० ते ५० टक्के पाणी बदला.

प्रश्न : कास पठारावरच्या डबक्यांत जांभळी मंजिरी बघितली. दोन-चार रोपे आणून टँकमध्ये लावता येतील का? (सातारा)

उत्तर : नाही. जांभळी मंजिरी म्हणजे पोगोस्टेमॉन डेक्कानेन्सिस, कातळावरच्या उथळ हंगामी पाण्यात वाढणारी. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा स्थळात आहे, तिथून एक काडीसुद्धा उचलायची नाही. त्याच वंशातला पोगोस्टेमॉन इरेक्टस हा भारतीयच, आणि टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेल्या रोपांच्या) कपात मिळतो. जेली कोमट पाण्याने पूर्ण धुऊन लावा. पाण्याबाहेर वाढलेली पाने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विरघळतील. शेंडा ताठ असेल तोवर उपटू नका.