समाविष्ट, समाविष्ठ आणि बसवणं

प्रश्न असा आला आहे: पीएचपीत, म्हणजे वेबसाइटची पानं तयार करणाऱ्या संगणकभाषेत, सगळ्या पानांना लागणारा मेन्यू, तळपट्टी वगैरेचा कोड वेगळ्या फाइलीत ठेवून तो ‘इन्क्लूड’ करतात. याला मराठीत ‘समाविष्ठ करणे’ म्हणावं का? आणि ‘ऑटो प्रीपेंड’ला काय म्हणावं?

आधी तो ‘ठ’ काढा. उत्कृष्ठ, संतुष्ठ, समाविष्ठ... रोज कुठे ना कुठे हा ठ टोचतोच. दृश्‌चं दृष्ट, नश्‌चं नष्ट, तसं विश्‌चं विष्ट. कनिष्ठ, ज्येष्ठ यांतला ‘इष्ठ’ हा तर-तमवाला प्रत्यय. निष्ठा, प्रतिष्ठा यांत ‘स्था’ आहे. समाविष्टाचं त्यांच्याशी काही नातं नाही.

आता खरी गंमत. विश् म्हणजे शिरणं. त्याला ‘उप’ लागला की उपविश्, म्हणजे बसणं. प्राकृतात ते ‘बइस’ झालं, जुन्या मराठीत ‘बैसणे’ आणि आपल्या तोंडी ‘बसणे’. म्हणजे समाविष्ट आणि बसणं एकाच घरातले! काही मंडळी ‘बसणे’ची सोयरीक ‘वस्’शी लावून मोकळी होतात. मग ‘बैस’मधला ऐ आला कुठून? वस्‌चं ‘वसणे’ मराठीत सुखाने नांदतंय, त्याला हे दुसरं लेकरू चिकटवायचं कारण नाही.

म्हणून माझं मत: सरळ ‘बसवणे’ म्हणा. ‘या ओळीला मेन्यूची फाइल बसवली’ हे कुणालाही कळतं. ‘अंतर्भूत’वाल्यांनी माफ करावं, त्यात ‘भू’ आहे, नुसतं असणं. इथे तर सर्व्हर पान पाठवण्याआधी त्या जागी फाइल आणून चालवतो आणि ब्राउझरला फक्त तयार पान मिळतं. एवढी खटपट ‘असण्यात’ मावत नाही.

शिवाय ‘बसणे’ पुढेही साथ देतं. इन्क्लूडला फाइल सापडली नाही तर पीएचपी नुसती कुरकुर करून पुढे जातं. ‘रिक्वायर’ ही फाइल बसवायचीच दुसरी आज्ञा, ती मात्र तिथेच बसकण मारते. सेटिंगमध्ये ‘ऑटो_प्रीपेंड_फाइल’ लिहिली की ती प्रत्येक पीएचपी पानाच्या आधी आपोआप चालते, तीही रिक्वायरच्याच नियमाने. फाइलीचं नाव चुकलं की सगळी पानं एकदम बसतात. धंदा बसतो तशी.

प्रीपेंड? ‘आधी बसवणे’ म्हणा.