ईस्टरची अंडी घरच्या सामानाने कशी रंगवायची? बीटचा गुलाबी टिकत नाही, निळा कसा येईल?

बीट सोडा आधी. उकळलं की त्याचा रंग मरते, पाण्यात मस्त गुलाबी दिसते अन् वाळलं की अंडं मळकट तपकिरी, हे माझ्या मोठ्या जाऊबाईंना सांगून सांगून मी थकली. त्या बीटच लावतात, शेवटी गुपचूप केकच्या रंगाची बाटली काढतात आणि चर्चमधून आल्यावर सगळ्यांसमोर "नॅचरल आहे हो".

कांद्याची सालं घ्या. नागपुरात त्याला काय तोटा, घराजवळच्या सावजीवाल्याला सांगून ठेवलं की पिशवी भरून फुकट देतो. पातेलं गच्च भरून सालं, बुडेल एवढं पाणी, अर्धा तास उकळून गाळा, गार झालं की दोन चमचे व्हिनेगर, मग अंडी त्यातच उकडायची. मी कोथिंबिरीचं पान ओलं करून अंड्यावर चिकटवते आणि जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून गाठ मारते, सोडलं की विटकरी लाल अंड्यावर पांढरं पान, अगदी देठासकट. त्यावर जाऊबाई काय म्हणाव्या, "जुनाट वाटते, ईस्टरला फिक्के रंग पाहिजेत." अहो, ग्रीसमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी अंडी लालच रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. त्यांनाही जुनाट म्हणा मग!

एकदा ही लाल अन् हळदीची पिवळी अंडी सुपात घालून जिन्यात वाळत ठेवली तर वरच्या काकू ओरडतच खाली आल्या, कोणी करणी केली म्हणून. फक्त लिंबू नव्हतं. जाऊबाई हा किस्सा प्रत्येक लग्नात सांगतात, पण त्याच काकूंनी नंतर नातवासाठी दोन अंडी मागून नेली ते बरोबर गाळतात.

हां, निळा. जांभळी पत्ताकोबी चिरून उकळा, गाळा, व्हिनेगर टाकलं की पाणी गुलाबी होईल, घाबरू नका, कवचावर निळाच उतरते. उकडलेली पांढरी अंडी त्यात रात्रभर फ्रिजमध्ये, गावरानीवर हिरवट येते. व्हिनेगर जास्त ओतू नका मात्र, कवच कॅल्शियमचं, फेस येऊन खरबरीत होते.

आणि खायची असतील तर शोभेला बाहेर मांडू नका. 2025 ला ईस्टर 20 एप्रिलला होता, आपलं ऊन माहीतच आहे. जाऊबाईंची परात दुपारपर्यंत हॉलमध्ये सजून होती, संध्याकाळी सगळी कचऱ्यात, आणि त्यांचेच पाहुणे माझ्याकडे अंडा-सावजी खाऊन गेले.