वाचकांचे प्रश्न : हौसेच्या कामासाठी आर्गनचे मशिन

प्रश्न : मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात चौतीस वर्षे मेंटेनन्स विभागात काम करून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. रॉडच्या साध्या वेल्डिंगचा हात आहे. आर्गनचे, म्हणजे वितळलेल्या धातूवर आर्गन वायूचा पडदा धरून करायचे टिगचे, काम पुष्कळ पाहिले, पण स्वतः कधी केले नाही. आता घराच्या मागच्या पडवीत कुंड्यांचे स्टँड, देवघराची जाळी, गणपतीच्या मखराचा सुटा करता येणारा सांगाडा अशा स्टेनलेस स्टीलच्या वस्तू करण्याचा विचार आहे. पत्रा आणि पाइप एक ते दोन मिलिमीटरचे, क्वचित तीनचे. दुकानदार २०० अँपिअरचे डीसी मशिन सुचवतो, पुतण्या म्हणतो की घ्यायचेच तर एसी-डीसी घ्या. घरात सिंगल फेज आहे. काय घ्यावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : दुकानदार आणि पुतण्या हे दोघेही मशिनच्या वरच्या टोकाबद्दल बोलत आहेत, आपले काम मात्र खालच्या टोकाला आहे. जाडीच्या दर मिलिमीटरमागे तीस ते चाळीस अँपिअर असा ढोबळ हिशेब धरला, तर आपले रोजचे काम तीस ते ऐंशी अँपिअरमध्ये बसते आणि तीन मिलिमीटरचा तुकडा आला तरी आकडा शंभर-सव्वाशेच्या पुढे जात नाही. दोनशेच्या मशिनचा वरचा भाग आपण बहुधा कधी वापरणारच नाही. तो असल्याने बिघडत काही नाही, उलट मशिन निवांत चालते. पण दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की कमीत कमी किती अँपिअरवर आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, न फडफडता टिकतो. पाच ते दहा अँपिअर हे उत्तर चांगले. वीसच्या वरचे उत्तर आले तर ते मशिन आपल्यासाठी नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो आहे. माझ्या पहिल्या मशिनवर २५० हा आकडा तळहाताएवढ्या अक्षरांत रंगवलेला होता. एक मिलिमीटर पत्र्याच्या डब्याची कड जोडायला बसलो आणि नॉब दहावर आणला, तर आर्क थरथरून विझे. पंचवीसवर नेला की कड मेणासारखी मागे सरके आणि वाटाण्याएवढे भोक पडे. विक्रेत्याने ‘हात बसला की होईल’ असे सांगून माझी बोळवण केली. हात बसला, भोके मात्र पडतच राहिली.

दुसरी गोष्ट आर्क सुरू करण्याची. काही स्वस्त मशिनांत टॉर्चच्या, म्हणजे हातात धरायच्या मुठीच्या, तोंडाशी बसवलेली टंगस्टनची बारीक सळई पत्र्यावर घासून आर्क पेटवावा लागतो. त्यात टंगस्टनचे टोक खराब होते आणि त्याचे कण सांध्यात अडकतात. त्यापेक्षा बरी पद्धत ‘लिफ्ट’ची : टोक हलकेच टेकवायचे आणि उचलायचे, टेकलेले असताना मशिन करंट अगदी कमी ठेवते. सर्वांत सोयीची पद्धत हाय फ्रिक्वेन्सीची, जिच्यात टोक पत्र्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर धरून बटन दाबले की ठिणगी आपोआप उडी घेते. जाळीच्या बारीक सळईवर टंगस्टन टेकवत बसणे त्रासाचे असल्याने आपण हाय फ्रिक्वेन्सीच घ्यावी. मात्र घरात कोणाच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल, तर कोणतेही वेल्डिंग मशिन आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे, आणि संगणक व मोबाइल पडवीपासून दूर ठेवलेले बरे.

तिसरी गोष्ट शेवटाची, आणि नवशिक्याला फरक दिसतो तो इथेच. आर्क एकदम तोडला तर वितळलेल्या धातूचे डबके मधोमध खचून थिजते, खळगा उरतो आणि त्या खळग्यात केसाएवढी, चांदणीच्या आकाराची चीर राहू शकते. कुंडीच्या स्टँडला पाणी लागले की गंज तिथूनच धरतो. त्यासाठी मशिनवर ‘डाउन स्लोप’ असावा, म्हणजे बटनाचा इशारा मिळताच करंट दोन-तीन सेकंदांत हळूहळू उतरतो आणि तेवढ्या वेळात फिलर वायरचा, म्हणजे सांध्यात भर घालायच्या तारेचा, शेवटचा थेंब घालून खळगा भरता येतो. हे नीट साधायला बटनाची ‘फोर-टी’ सोयही हवी, म्हणजे बटन दाबून सोडले तरी आर्क चालू राहतो आणि पुन्हा दाबले की करंट उतरू लागतो. आर्क विझल्यावर गॅस किती वेळ वाहावा याचा नॉबही वेगळा असावा. दर दहा अँपिअरला एक सेकंद, पण पाच सेकंदांपेक्षा कमी नाही, असा माझा हिशेब आहे. पल्स, म्हणजे करंट ठरावीक लयीत वर-खाली करण्याची सोय, असेल तर छान, पण पहिले वर्षभर आपण तिला हात लावू नये. पायाने करंट कमी-जास्त करण्याचे पेडल नंतर जोडता येईल असे सॉकेट मशिनला आहे का, हे मात्र आजच पाहून ठेवावे.

खरेदीला जाताना आपल्याच पत्र्याचे चार तुकडे खिशात घालून जावे, एक मिलिमीटरचे दोन आणि दीडचे दोन. दुकानदाराला नॉब दहावर आणून आर्क पेटवायला सांगावा आणि तो तेवत राहतो का ते काचेआडून पाहावे. मग चाळीसवर एक बोटभर सांधा घालून डाउन स्लोपने थांबायला सांगावे, पण टॉर्च लगेच उचलू देऊ नये. गॅस थांबल्यावर टंगस्टनचे टोक पाहावे : ते चांदीसारखे चकचकीत असेल तर गॅस पुरेसा वाहिला; निळसर किंवा काळपट पडले असेल तर वेळ कमी पडला किंवा कुठेतरी हवा शिरते आहे. सांध्याचा रंग सोनेरी, गुलाबी किंवा फिकट निळा असला तर ठीक. राखाडी आणि खरखरीत असला तर पुन्हा करून दाखवायला सांगावे. ही परीक्षा द्यायला जो दुकानदार कुरकुर करतो, त्याच्याकडे दुरुस्तीच्या वेळी काय होईल याचा अंदाज येतोच.

घरच्या विजेची चिंता वाटते तेवढी नाही. टिगच्या आर्कचा व्होल्टेज कमी असतो, त्यामुळे साठ अँपिअरवर काम करताना मशिन मुख्य लाइनवरून सहा-सात अँपिअरच ओढते. दोन हजार वॉटचा गीझर याहून जास्त घेतो. शंभर अँपिअरला हा आकडा साधारण अकरा आणि एकशे साठला वीसच्या आसपास जातो. त्याच मशिनवर शंभर अँपिअरला साधा रॉड जाळला, तर मात्र अठरा-एकोणीस अँपिअर लागतात, कारण रॉडचा आर्क जास्त व्होल्टेज मागतो. तेव्हा पडवीसाठी थेट मुख्य बोर्डावरून चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग, एवढे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे आणि मध्य गुजरात वीज कंपनीच्या बिलावर आपला मंजूर भार किती आहे तेही पाहावे. मशिनच्या पाटीवरील ‘६० टक्के’ हा आकडा दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे त्या करंटवर चालवता येते असे सांगतो. ही चाचणी चाळीस अंश तापमान धरून केलेली आहे की पंचवीस, हे पाटीवर किंवा पुस्तिकेत वाचावे. वडोदऱ्याच्या मे महिन्यात हा फरक कागदावर राहत नाही.

मे महिन्यावरून आठवले : पंखा. पडवीत उकडते म्हणून अंगावर पंखा घेतला की आर्गनचा पडदा उडून जातो आणि सांधा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा होतो. मग माणूस मशिनला दोष देतो. पंखा बाजूला, भिंतीकडे तोंड करून ठेवावा. हवा खेळती हवीच, कारण आर्गन हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचतो आणि स्टेनलेस स्टीलचा धूर फुप्फुसांना घातक असतो.

गॅसचा बाटला हा या छंदातील खरा चालू खर्च आहे. दहा लिटर पाण्याच्या क्षमतेच्या बाटल्यात १५० बारला सुमारे १५०० लिटर आर्गन मावतो, आणि मिनिटाला सात लिटर धरले तर साडेतीन तासांचा आर्क मिळतो. कारखान्यात असतो त्या ४७ लिटरच्या उंच बाटल्यात सुमारे सात घनमीटर, म्हणजे सोळा-सतरा तासांचे काम. लहान बाटला भरून घेताना लिटरमागे महाग पडतो, पण तो एका माणसाला उचलता येतो, आणि निवृत्तीनंतर कमरेचाही हिशेब धरावा. बाटल्याच्या गळ्यावर ठोकलेली दाबचाचणीची तारीख पाहूनच तो घ्यावा, साखळीने भिंतीला उभा बांधावा आणि त्यावर लिटर दाखवणाऱ्या काचनळीचा आर्गन रेग्युलेटर लावावा. कार्बन डायऑक्साइड स्वस्त मिळतो म्हणून तो वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. त्यात टंगस्टन काही क्षणांत जळून जाते.

बाकी सामान थोडक्यात : १.६ मिलिमीटरचे, सोनेरी किंवा निळ्या पट्ट्याचे लँथेनमचे टंगस्टन; ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलसाठी ३०८ एल फिलर वायर; मुखवट्याला नऊ ते अकरा शेडची, म्हणजे तेवढ्या गडदपणाची, काच आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. लाल पट्ट्याच्या टंगस्टनमध्ये थोरियम असते आणि ते घासताना उडणारी किरणोत्सर्गी भुकटी श्वासात जाते. दुसरे मिळत असताना ते घरात आणू नये. या सगळ्यासाठी पैसे बाजूला ठेवून उरलेल्या रकमेत मशिन बसवावे. हौशी माणूस नेमके उलटे करतो आणि मग नवे कोरे मशिन बाटल्यावाचून महिनाभर पडवीत झाकून ठेवतो.

पुतण्याचे म्हणणे चुकीचे नाही, फक्त ते दुसऱ्या धातूबद्दल आहे. आपल्याला हाय फ्रिक्वेन्सी, डाउन स्लोप आणि खाली पाच-दहा अँपिअरपर्यंत उतरणारे १६० ते २०० अँपिअरचे डीसी मशिन पुरेल. एसी कोणाला लागते ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी येथील ललित कला विद्याशाखेत शिल्पकला शिकते. ॲल्युमिनिअमच्या पत्र्याची हलकी शिल्पे करायची आहेत. भाड्याच्या खोलीत ठेवता येईल असे लहान डीसी मशिन जुन्यात मिळते आहे. त्यावर ॲल्युमिनिअम होईल का?
— एक वाचक, फतेहगंज, वडोदरा

उत्तर : नाही, आणि घाई करून ते मशिन घेऊ नका. ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्यावर सतत धरणारी ऑक्साइडची साय दोन हजार अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. साध्या डीसी आर्कखाली आतला धातू पातळ होतो आणि वरची साय तशीच राहते. तापवलेल्या दुधाच्या सायीखाली दूध हलताना दिसते तसे ते दिसते आणि दोन कडा एकमेकींत मिसळत नाहीत. एसीमध्ये प्रवाहाची दिशा सेकंदाला कितीतरी वेळा उलटते : एका अर्ध्या फेरीत ही साय फुटून निघते, दुसऱ्या अर्ध्या फेरीत धातूला उष्णता मिळते. या दोहोंचे प्रमाण ठरवणारा ‘बॅलन्स’चा नॉब असलेले एसी-डीसी मशिन घ्यावे. ॲल्युमिनिअम उष्णता झपाट्याने पळवते, म्हणून तीन मिलिमीटरच्या पत्र्याला सव्वाशे-दीडशे अँपिअर लागतात आणि पेडल ही चैन राहत नाही : सुरुवातीला पूर्ण दाबायचे आणि तुकडा तापत गेला की पाय उचलत यायचे. इथे दोनशेचा आकडा खरोखर कामी येतो.

एक धोक्याची सूचना. सांधा घालण्यापूर्वी पत्रा ॲसिटोनने पुसून, तो पूर्ण सुकल्यावर, फक्त ॲल्युमिनिअमसाठी राखलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासावा. गॅरेजमध्ये मिळणारे क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मुळीच वापरू नये. त्याच्या वाफेवर आर्क पडला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आणि भाड्याची खोली हे वेल्डिंगचे ठिकाण नव्हे. आपल्याकडे विद्याशाखेची कार्यशाळा आहे, तर मशिन तिथे ठेवण्याची परवानगी मागावी.

प्रश्न : आजेसासूबाईंची पितळी समई मधल्या दांड्यात तुटली आहे. मुलगा घरी आर्गनचे मशिन आणतो आहे. त्यावर जोडता येईल का?
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : मुलाला हौस भागवायला दुसरे काहीतरी द्यावे. पितळेतील जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पितळ वितळते तेही त्याच सुमारास, त्यामुळे आर्कखाली जस्ताचा पांढरा धूर निघतो, सांधा फेसाळतो आणि तो धूर श्वासात गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. समईला चांदीचा डाख द्यावा. तो बराच कमी तापमानाला वितळतो आणि दांड्याचा आकार बिघडत नाही. जुने काम करणाऱ्या कारागिराकडे देताना दांड्याचे दोन्ही तुकडे न घासता, जसे तुटले तसेच द्यावेत, म्हणजे तुटलेल्या कडा एकमेकींत अचूक बसतील आणि समई सरळ उभी राहील.