एक्स८६वर नीट चालणारा ड्रायव्हर एआरएम बोर्डवर जुने बाइट का वाचतो?

तुमच्या स्ट्रक्टमध्ये आधी ८ बाइटचा पॉइंटर, मग ६४ बाइटचा आरएक्स बफर (यात डिव्हाइस डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता थेट रॅममध्ये, आलेला डेटा लिहितं) आणि त्याला खेटून स्टेटस फ्लॅग आहे. बोर्डवर कधीकधी बफरचे शेवटचे ८ बाइटच मागच्या ट्रान्सफरचे निघतात, बरोबर? मग खोट बफरमध्ये नाही, त्याच्या शेजाऱ्यात आहे.

कॅशला (सीपीयूजवळची, रॅममधल्या डेटाची प्रत ठेवणारी छोटी मेमरी) तुमचे फील्ड कळत नाहीत, तिला फक्त लाइन, म्हणजे ठरावीक आकाराचा तुकडा, कळते. तुमच्या चिपवर ती बहुधा ६४ बाइटची असेल. ते शेवटचे ८ बाइट आणि फ्लॅग एकाच लाइनीत बसलेत. डिव्हाइस रॅममध्ये लिहीत असताना तुम्ही फ्लॅग बदलता, तेव्हा ती अख्खी लाइन कॅशमध्ये येते, कधी जुन्या ८ बाइटांसकट. पुढे ती रॅममध्ये परत लिहिली गेली की डिव्हाइसचा डेटा पुसला जातो. न लिहिता टाकून दिली तर तुमचा फ्लॅग जातो. लिनक्स कर्नलने काहीही केलं तरी एकाचं नुकसान ठरलेलं. लॅपटॉपवर हार्डवेअरच हे सांभाळतं, म्हणून तिथे कळलंच नाही.

व्होलाटाइल (व्हेरिएबल दरवेळी मेमरीतून वाचायला लावणारा सी शब्द) आणि मेमरी बॅरियरने काही होणार नाही; बॅरियर फक्त वाचन-लेखनाचा क्रम राखतो. मीही यात तीन दिवस घालवलेत. प्रिंटके (कर्नल लॉगमध्ये छापणारं फंक्शन) टाकला की बग गायब, काढला की हजर!

सोपा उपाय: बफर स्ट्रक्टबाहेर काढा, त्याला वेगळा केमॅलॉक करा, म्हणजे कर्नलकडून स्वतंत्र मेमरी घ्या. आतच हवा असेल तर सगळ्यात शेवटी ठेवून एआरसीएच-डीएमए-मिनअलाइनला (डीएमए बफरसाठी कर्नलने ठरवलेलं किमान अलाइनमेंट) अलाइन करा, म्हणजे मागची जागाही पॅडिंगने भरते. स्टॅकवरचा बफर डीएमएला कधीच देऊ नका.

लिनक्स ६.५ पासून ६४-बिट एआरएमवर कर्नल छोटे बफर बाउन्स करतो, म्हणजे मध्ये स्वतःचा सुरक्षित बफर वापरून डेटा कॉपी करतो, पण तो निर्णय आकार बघून घेतो, पत्ता बघून नाही. तुमचे ६४ बाइट त्याला व्यवस्थितच वाटतात.

आणि बफर डीएमएसाठी मॅप केलेला (डिव्हाइसच्या ताब्यात दिलेला) असताना त्याला हात लावायचा नाही. अनमॅप न करता वाचायचा असेल तर आधी सिंक-फॉर-सीपीयू कॉल करा, परत देताना सिंक-फॉर-डिव्हाइस. मधल्या काळात तुम्ही काही वाचलं नाही तरी सीपीयू आपणहून लाइन ओढून आणू शकतो, त्यामुळे 'मी तर स्पर्शही केला नाही' हे चालत नाही. डीएमए-एपीआय-डीबग (डीएमए कॉल तपासणारा कर्नलचा पर्याय) चालू करून एकदा चालवा. सिंक विसरलेलं तो पकडेलच असं नाही, पण दिशा किंवा आकार चुकला असेल तर लॉगमध्ये ओरडेल.