दोन विश्वांमधला फरक स्टुडिओच ‘दुरुस्त’ करून देतो तेव्हा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. एकाच टू-बीएचकेत दोन समांतर विश्वं शूट केलीत, एडिट लॉक (म्हणजे पक्का) आहे, डीआयचं (स्टुडिओत फुटेजवर होणाऱ्या रंगाच्या अंतिम कामाचं) पहिलं व्हर्जन आलं तर दोन्ही विश्वं सारखीच दिसतायत. वर स्टुडिओ म्हणतो, शूटमध्येच फरक नाही, व्हीएफएक्स करा, पैसे वेगळे पडतील. थांबा. व्हीएफएक्सवर एक रुपयाही घालू नका. तुमच्या ऑफलाइन एडिटचा (हलक्या कॉपीवर केलेल्या एडिटचा) रेफरन्स व्हिडिओ आणि त्यांनी पाठवलेलं व्हर्जन शेजारीशेजारी लावा आणि शॉट-बाय-शॉट बघा. माझा अंदाज असा की फरक शूटमध्ये होता, तो पुढे कुणीतरी पुसलाय.

(माझ्या नावावर एक फीचर आणि थोड्या शॉर्ट फिल्म्स आहेत, त्यामुळे हे ब्रह्मवाक्य समजू नका. कराराबद्दल जे लिहितोय ते वकिलाला दाखवूनच करा.)

आमचं दुसरं विश्व आरशातलं होतं. नारळीकरांची डावं-उजवं उलटवणारी विज्ञानकथा ‘उजव्या सोंडेचा गणपती’ वाचलेल्या कुणालाही ही कल्पना सुचेल, त्यात आमचं कर्तृत्व नाही. पैसे नव्हते, म्हणून त्या विश्वातले सगळे शॉट एडिटमध्ये सरळ फ्लॉप केले, डावं ते उजवं. त्यासाठी शूटिंगच्या वेळी फ्रेममधून एकूण एक अक्षर हाकललं होतं: कॅलेंडर, औषधाच्या बाटल्या, फ्रिजवरचं नाव, अगदी मसाल्याच्या डब्यांवरची लेबलंसुद्धा. घड्याळ मात्र मुद्दाम ठेवलं, आकडे नसलेलं. शॉट फ्लॉप झाला की त्याचा सेकंदकाटा उलटा फिरतो, फुकटात! नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर, नायकाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे, बेसिनचा नळ भलत्याच बाजूला. बघणाऱ्याला काय बिनसलंय ते पटकन सांगता येत नाही, पण त्याला चैन पडत नाही. आम्हाला तेच हवं होतं.

स्टुडिओत कन्फर्मला (एडिटप्रमाणे मूळ फुटेज पुन्हा जुळवायच्या कामाला) बसलेल्या मुलानं तो पदर बघितला आणि एडिटरचा घोळ समजून सगळे शॉट सरळ करून टाकले. पुढे कलरिस्टनं, म्हणजे ग्रेडिंग करून रंग-उजेड ठरवणाऱ्यानं, नेहमीप्रमाणे दोन्ही विश्वांचे शॉट एकमेकांशी मॅच केले. साउंडवाल्यानं तर कहरच केला. पहिल्या विश्वात फ्रिजची घरघर सतत आहे आणि दुसऱ्यात ती नाही, ही आमची खूण होती. त्यानं ती घरघर ‘नॉइज’ म्हणून साफ केली. आपापल्या जागी तिघंही कामात चोख होते, पण एकानंही फोन करून विचारलं नाही. सिनेमाच्या धंद्यात प्रत्येकाला कंटिन्युइटीची चूक शोधून झाकायची सवय असते, आणि तुमचा-माझा सिनेमा त्या चुकांवरच उभा असतो. गडबड इथून सुरू होते.

निर्मात्याला घाई होती. त्याच व्हर्जनवरून डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल कॉपी) निघाला, सेन्सॉरची कॉपीही निघाली आणि प्रमाणपत्रही आलं. मोठ्या पडद्यावर टेक्निकल स्क्रीनिंगला बसलो तेव्हा नायिका स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदर डाव्या खांद्यावर, मागे घड्याळ सुरळीत चाललेलं. इंटरव्हलपर्यंत सिनेमात समांतर विश्व शिल्लकच नव्हतं. एक बाई एकच दिवस दोनदा जगते, एवढंच दिसत होतं.

स्टुडिओचं उत्तर मला आजही पाठ आहे: ‘सर, उलटे आलेले शॉट आम्ही सरळ करून दिले, त्याचा चार्जही लावला नाही.’ आणि पुन्हा उलटे करायचे तर? पॅकेजमधल्या रिव्हिजन संपल्या, प्रोजेक्ट आर्काइव्हला गेलं, ते परत चढवायचे पैसे वेगळे. मेल केला की सेल्सवाला म्हणणार कलरिस्टशी बोला, आणि कलरिस्ट दुसऱ्या प्रोजेक्टवर. शिवाय प्रमाणपत्र मिळाल्यावर सिनेमात बदल केला तर तो सेन्सॉर बोर्डाला कळवावा लागतो, म्हणजे तो सगळा कागदी खटाटोप नव्याने. ठरलेली थिएटर्स या भानगडीत हातची गेली. इतर कशाहीपेक्षा याचे पैसे जास्त लागले, कॅमेऱ्याच्या भाड्यापेक्षाही.

म्हणून आता मी विसंगतीची यादी करतो. साधी एक्सेल शीट: टाइमकोड (शॉटची सिनेमातली नेमकी वेळ), कुठलं विश्व, काय वेगळं आहे, आणि शेवटच्या रकान्यात ‘हे मुद्दाम आहे, हात लावू नये’. ती कन्फर्म, ग्रेडिंग आणि साउंड या तिघांना वेगवेगळी पाठवायची आणि ‘वाचली’ असं उत्तर मेलवर घ्यायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. क्लॅपवर आणि क्लिपच्या नावात विश्वाचं अक्षर असू द्या. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात एक्सएमएल (एडिटची माहिती नेणारी फाइल) जाताना सगळे इफेक्ट जातातच असं नाही, तेव्हा दर वेळी मुद्दाम कुणी बदललं असेल असंही नाही. काही का असेना, टाइमकोड छापलेला रेफरन्स व्हिडिओ सोबत गेलाच पाहिजे.

तुम्ही विचारलंय की एक विश्व निळं आणि दुसरं पिवळं करू का. माझं मत विचाराल तर नको. (इथे अनेकांना हे पटणार नाही, माहीत आहे.) रंग ग्रेडिंगवर सोडला की तो कलरिस्टच्या हातात जातो, आणि मोबाइलवर बघणाऱ्याच्या स्क्रीनवर त्याचं काय होईल ते देव जाणे. जेम्स वॉर्ड बर्किटचा ‘कोहेरन्स’ (2013) बघितलाच असेल. त्यानं स्वतःच्या घरात पाच रात्रींत तो शूट केला, आणि कुठला माणूस कुठल्या घरातला हे कळतं ते त्यांच्या हातातल्या ग्लो-स्टिकच्या रंगावरून. रंग वस्तूतच आहे, तो कोण पुसणार?

पॅचवर्क (राहिलेले तुकडे नंतर शूट करणं) करणार असाल आणि एकाच फ्रेममध्ये डबल रोल हवा असेल तर जोडाची रेघ दाराच्या चौकटीवर घ्या आणि त्या रेघेवरून कुणाची सावली जाऊ देऊ नका. खिडकी काळ्या कापडानं बंद करा, नाहीतर दुसऱ्या टेकपर्यंत ऊन सरकतं. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. घरातल्या ट्यूबलाइटखाली 24 फ्रेम्सवर शूट करताना शटर 172.8 अंशांवर ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर सेकंदाचा 1/50 भाग होतं आणि आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर फ्लिकर येत नाही.

फळ्यावर दोन वर्तुळं काढून समजावणारा प्राध्यापक तुमच्या सिनेमातही आहे, असं दिसतंय. काढून टाका. भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेटनं 1957 मध्ये समांतर विश्वांबद्दल काय मांडलं ते घड्याळ उलटं फिरताना बघणाऱ्याला माहीत असायची गरज नाही. आणि श्रोडिंगरच्या (त्याच्या क्वांटम विचारप्रयोगात मांजर आहे) नावानं पॅचवर्कमध्ये मांजर घालायचा मोह होत असेल तर आवरा. प्राणी पडद्यावर दिसला की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची शूटआधीची परवानगी आणि नंतर एनओसी लागते. त्याशिवाय सेन्सॉरकडे गाडी अडते. शेजारच्यांचं पाळलेलं आहे, दोनच सेकंद दिसतं, हे तिथे चालत नाही.

स्टुडिओशी आत्ता भांडू नका, फाइल्स त्यांच्याकडे आहेत. आधी ग्रेडिंग न केलेला कन्फर्म आणि प्रोजेक्ट फाइल मागून घ्या, तुमच्या दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा, मग काय ते बोला. शेवटचा हप्ता डीसीपी थिएटरात स्वतःच्या डोळ्यांनी पूर्ण बघितल्यावरच द्या. सेन्सॉरचा अर्जही त्यानंतरच भरा, निर्माता कितीही मागे लागला तरी.