२६० तासांवर जंप पायलटची नोकरी कशी शोधायची?

प्रश्न: सर, मी सांगलीचा. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर फ्लोरिडात एव्हिएशनची पदवी घेतोय, मे महिन्यात संपेल. एफएएचं (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) कमर्शियल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत उपकरणांवर उडायची परवानगी) झालंय. उड्डाणाचे एकूण २६० तास, जवळजवळ सगळे सेसना १७२ या छोट्या विमानावर. जंप पायलटच्या, म्हणजे स्कायडायव्हर्सना वर नेऊन सोडायच्या कामासाठी स्कायडायव्हिंगच्या ड्रॉपझोन्सना (उड्यांच्या केंद्रांना) चाळीसेक ई-मेल पाठवले, दोनच उत्तरं आली. एकाने ५०० तास मागितले. दुसरा म्हणतो, पगार नाही, पण तास फुकट मिळतील, लगेच ये. जाऊ का?

उत्तर: जाऊ नकोस. एफएएच्या लेखी फुकट मिळालेले तास हाही मोबदलाच आहे, आणि ओपीटी (पदवीनंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी) मंजूर होऊन ईएडी (वर्क परमिट) कार्डावरची तारीख सुरू होईपर्यंत तुला असं काम करता येत नाही. ‘नुसती मदत’ म्हणून इंधन भरायला किंवा मॅनिफेस्टवर (कोण कुठल्या फेरीत उडणार त्या नोंदीच्या टेबलावर) बसायला सांगितलं, तरी आधी कॉलेजच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा बघणाऱ्या अधिकाऱ्याला) विचार. ओपीटीचा अर्ज पदवी संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. तो वेळेत कर, कारण उत्तरेकडच्या राज्यांत हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच असतो.

आता त्या ५०० तासांबद्दल. कायद्याने या कामाला कमर्शियल लायसन्स आणि सेकंड क्लास मेडिकल पुरतं. अडवतो तो विमा. नव्या पायलटचं नाव पॉलिसीत घालताना कंपनी दोन आकडे विचारते: एकूण तास किती आणि त्याच मॉडेलवर किती. पहिला आकडा तुला पटकन वाढवता येणार नाही, दुसरा येतो. छोट्या ड्रॉपझोनचं विमान बहुधा सेसना १८२ असतं. इंजिन २३० अश्वशक्तीचं, म्हणून हाय परफॉर्मन्स एन्डॉर्समेंट (जास्त ताकदीच्या विमानासाठी प्रशिक्षकाने लॉगबुकात केलेली नोंद) लागते. ती घे, आणि जमेल तेवढे, निदान दहा-पंधरा तास १८२ वर कर. खर्च होईल, पण माझ्या मते तुझ्या परिस्थितीत पैसे घालावेत असं हेच एक ठिकाण आहे.

फ्लोरिडातलं डीलँड किंवा ॲरिझोनातलं ईलॉय अशा मोठ्या ठिकाणी टर्बाइन विमानं असतात, तिथे सध्या रांगेत उभा राहू नकोस. यूएसपीएच्या (अमेरिकेतली स्कायडायव्हिंगची संघटना) यादीतून एक-दोन सेसना असलेली ड्रॉपझोन्स निवड आणि स्वतः जाऊन भेट. शनिवारी दुपारी मालकाला श्वास घ्यायलाही वेळ नसतो. सकाळी लवकर किंवा पावसाने उड्या थांबलेल्या दिवशी जा. लॉगबुक, लायसन्स, मेडिकल बरोबर ठेव. ओपीटीवर आठवड्याला किमान २० तास काम लागतं, आणि बरीच छोटी ड्रॉपझोन्स फक्त शनिवार-रविवारी चालतात. ‘आठवड्यात किती दिवस उडता?’ हे पहिल्याच भेटीत विचार.

तिथे तूही त्यांची परीक्षा घे. एनटीएसबीच्या (अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणारी संस्था) २००८ च्या अहवालानुसार १९८० पासून तोवर स्कायडायव्हिंगच्या विमानांचे ३२ जीवघेणे अपघात झाले, १७२ माणसं गेली. देखभालीतली हयगय आणि वजन-तोल (विमानात किती वजन, कुठे) न काढण्यासारख्या साध्या चुका त्यात पुन्हा पुन्हा दिसल्या. म्हणून दर १०० तासांच्या तपासणीची नोंद बघ. सीटा काढल्यानंतरचं वजन-तोलाचं पत्रक आणि उडीच्या दरवाजाच्या मंजुरीचे कागद माग. पायलटचं पॅराशूट गेल्या १८० दिवसांत पॅक झालंय का, तेही बघ. अनुभवी पायलट बरोबर बसून किती लोड (स्कायडायव्हर्सच्या फेऱ्या) करून घेणार, हे ठरल्याशिवाय हो म्हणू नकोस. कागद दाखवायला कुणी कुरकुर केली, तर सरळ निघून ये.

काम दिसतं सोपं: चार जण घेऊन दहा हजार फुटांवर जायचं आणि रिकामं विमान खाली आणायचं. कस लागतो तो जंप रनवर, म्हणजे उड्या पडतात त्या सरळ टप्प्यात. पॉवर कमी, वेग कमी, उजवा दरवाजा वर उघडलेला. एक जण चाकावरच्या पायरीवर, हात स्ट्रटवर (पंखाला आधार देणाऱ्या दांड्यावर). बाकीचे दाराशी दाटलेले. त्याच्या अंगावर येणाऱ्या वाऱ्याने नाक उजवीकडे ओढलं जातं, डावा रडर (नाक डावीकडे वळवायचं पेडल) द्यावा लागतो. त्याचा पाय टायरवर पडला तर चाक फिरू नये म्हणून ब्रेकही दाबून धरायचे. या क्षणी वेग आणखी घसरू दिलास तर विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली जाऊ शकतं. कुणाचं पॅराशूट दारात अडकून उघडलं तर ते थेट शेपटीवर जातं. दुसरा धोका इंधनाचा. चढाई लवकर व्हावी म्हणून टाकी अर्धवट ठेवतात, आणि उतरताना तिरप्या वळणांत उरलेलं इंधन टाकीच्या इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडापासून दूर सरकतं. दर लोडला किती गॅलन जळतं ते स्वतः मोज, टाकीत मोजपट्टी टाकून बघ. गेजवर विसंबू नकोस. उतरताना पॉवर एकदम ओढू नकोस, गरम सिलिंडर तडकले की मालकाचा हंगाम बुडतो.

लोडला वीस-पंचवीस मिनिटं धरली, तर दहा लोडांच्या दिवशी चारेक तास पीआयसी (मुख्य पायलट म्हणून) जमतात. पण उडालास तिथेच उतरतोस, तेही दिवसा आणि स्वच्छ हवेत. त्यामुळे लॉगबुकातले क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दूर दुसरीकडे), नाइट आणि इन्स्ट्रुमेंटचे रकाने रिकामे राहतात. एफएएच्या एटीपीला (एअरलाइन पायलटचं लायसन्स) १५०० तासांत साधारण ५०० क्रॉस-कंट्रीचे लागतात. पार्ट १३५ मध्ये (चार्टर कंपन्यांचे नियम) आयएफआर (उपकरणांवर) उडायलाही १२०० तासांत ५०० क्रॉस-कंट्री, १०० नाइटचे हवेत. म्हणून एक हंगाम जंप पायलट म्हणून कर आणि त्याच काळात सीएफआयची (उड्डाण प्रशिक्षक) तयारी ठेव; विद्यार्थ्यांबरोबर ते रकानेही भरतील. भारतात परतायचं असेल तर डीजीसीएचे (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था) नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्सचे पेपर द्यावेच लागतील. पावसाचे दिवस त्यांच्या अभ्यासाला वापर.