१/१० स्केलच्या रिमोट कंट्रोल ट्रकला स्टिअरिंगसाठी २० किलोचा सर्व्हो घ्यावा की ३५ किलोचा?

आधी तुमच्या ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीचा) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणारा भाग, किती व्होल्ट आणि किती अँपिअर देतो ते बघा. सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी मोटर, त्यानंतर; तिचा जोर किलो-सेंटिमीटरमध्ये मोजतात, बोलताना नुसतं किलो म्हणतात. तुम्ही प्रश्नात टायरचा आकार लिहिलाय, जुन्या सर्व्होचे प्लॅस्टिकचे दात झिजले तेही लिहिलंय, पण नव्या सर्व्होला वीज कुठून मिळणार याबद्दल एक अक्षर नाही. नेमक्या याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या चुलतभावाचं फार जुनं भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादाचं मत एका वाक्याचं आहे: चाक वळत नसेल तर आणखी किलोचा सर्व्हो टाक. त्याच्या क्रॉलरला (दगडांवरून सावकाश चढणाऱ्या ट्रकला) त्यानं मोठे, मऊ टायर लावले, चाकांत पितळी वजनं भरली आणि मूळचा सर्व्हो पुरेनासा झाला. मग त्यानं ३५ किलोचा बसवला. टेबलावर ट्रक उचलून धरला की चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत सटासट वळायची. बाहेर नेल्यावर पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत गेलं, दादानं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, चाक अर्ध्यावर जाऊन थांबलं आणि गाडी मेली. रिसीव्हरवरचा (रेडिओचा सिग्नल पकडणाऱ्या डबीवरचा) दिवा विझला, थ्रॉटल गेलं, ट्रक उतारावरून मागे घरंगळला. दिवा परत लागला, गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू. पुढच्या फटीत पुन्हा तेच.

दादानं निदान केलं, सिग्नल तुटतोय. अँटेनाची तार बॉडीवर उंच नेली, रिसीव्हर पुन्हा बाइंड केला, म्हणजे रेडिओशी नव्यानं जोडला, शेवटी हातातला अख्खा रेडिओ बदलला. तरी गाडी मरतच होती. मग बॅटरीवर खापर. मी पहिल्यापासून सांगत होतो, ‘दादा, तुझा बीईसी ६ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा आहे, हा सर्व्हो त्याच्या आवाक्यातला नाही.’ त्याचं उत्तर ठरलेलं: ‘वर ३५ लिहिलंय ना, मग ३५ देणारच.’

नाही देणार. सर्व्होवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा हा बहुतेक वेळा सगळ्यात जास्त चालणाऱ्या व्होल्टेजचा असतो, म्हणजे ७.४ किंवा ८.४ व्होल्टचा. ६ व्होल्टवर तोच सर्व्हो बराच कमी जोर लावतो. शिवाय तो आकडा स्टॉल टॉर्कचा, म्हणजे हॉर्न (सर्व्होच्या शाफ्टवरचा छोटा दांडा) जागच्या जागी अडलेला असतानाचा. त्याच क्षणी सर्व्हो सगळ्यात जास्त करंट ओढतो. ताकदवान डिजिटल सर्व्हो स्टॉलला ४-५ अँपिअर सहज मागतो, काही त्याहून जास्त. तेवढं देण्याची बीईसीची कुवत नसली की व्होल्टेज कोसळतं, आणि रिसीव्हर त्याच तारेवर जगत असतो. साधारण साडेतीन व्होल्टच्या खाली अनेक रिसीव्हर बंद पडून नव्यानं सुरू होतात. तेवढा वेळ गाडी बहिरी.

एकदा मी त्याच्या समोर मल्टीमीटर लावला. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये सर्व्होची एक्स्टेंशन वायर खोचली, तिच्या दुसऱ्या टोकाला लाल आणि काळ्या तारेवर मीटरच्या पिना टेकवल्या. गाडी उभी असताना ५.९. खरखरीत फरशीवर गाडी जागच्या जागी ठेवून स्टिअरिंग फिरवलं, तर आकडा ४.३ पर्यंत खाली येऊन परत वर. दादा म्हणाला, ‘४ म्हणजे अजून चालू आहे की.’ पण मीटरचा पडदा सावकाश बदलतो, क्षणभराची घसरण त्यावर उमटतच नाही. मीटर ‘मिनिमम’वर टाकून तेच पुन्हा केलं आणि ३.४ दिसलं. त्यावर त्याचं म्हणणं, मीटर स्वस्तातला आहे.

मी वेगळा बीईसी बसवला. बॅटरीच्या तारांवरून त्याला पुरवठा, ७.४ व्होल्टवर सेट करून थेट सर्व्होला, आणि रिसीव्हरकडून सर्व्होला फक्त सिग्नलची तार आणि काळी तार. ही काळी तार विसरू नका, ती समाईक नसेल तर सिग्नलला काही अर्थच उरत नाही. सर्व्हो तोच, बॅटरी तीच, आणि तसल्याच फटीत चाक पूर्ण वळलं. दादा आजही सगळ्यांना सांगतो की नव्या रेडिओमुळे गाडी सुधारली. त्याचा टाकून दिलेला जुना रेडिओ मी माझ्या ट्रकवर चालवतो, एकदाही सिग्नल तुटलेला नाही.

आता तुमच्याबद्दल. नेहमीच्या टायरवर मातीत, गवतात पळवायचा १/१० ट्रक असेल तर १५ ते २० किलो भरपूर आहे. तिथे किलोपेक्षा वेग बघा. ६० अंशांना ०.१५ सेकंदापेक्षा हळू सर्व्हो असेल तर पळत्या गाडीत स्टिअरिंग मागून येतंय असं वाटत राहतं. क्रॉलर असेल तर वेग विसरा, २५ किंवा जास्त घ्या, आणि वेगळ्या बीईसीची तयारी आधीच ठेवा. दोन्हीकडे गिअर धातूचेच. आणि आकडा वाचताना तुमच्या व्होल्टेजच्या रकान्यातला वाचा, खोक्यावरचा नाही.

किलो विकत घेण्याआधी हॉर्नचं भोक बदलून बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि कोणी ऐकत नाही. २० किलो-सेंटिमीटरचा सर्व्हो २.५ सेंटिमीटरच्या भोकावर लिंकला (हॉर्नपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीला) ८ किलोचा जोर देतो, २ सेंटिमीटरच्या भोकावर १०. चाकं थोडी कमी वळतील, पण सर्व्होला जागेवर पुरेसा फेर असेल तर रेडिओत ते भरून काढता येतं. हॉर्न घेताना दात मोजा: फुटाबा कंपनीच्या पद्धतीचे २५, हायटेकच्या अनेक सर्व्होंचे २४, सान्वा आणि जेआरचे बहुधा २३. २४ वर २५ चा हॉर्न जोर करून बसवणारे लोक मी पाहिलेत, आणि नंतर त्यांच्या शाफ्टचे दातही पाहिलेत.

सर्व्हो सेव्हर, म्हणजे धक्क्यापासून सर्व्होला वाचवणारा स्प्रिंगचा हॉर्न, मऊ असेल तर ३५ किलो सगळे त्याच्या स्प्रिंगमध्येच जिरतात. चाक दगडाला टेकलेलं आणि हॉर्न एकटाच फिरतोय असं दिसलं तर दोष सर्व्होचा नाही. क्रॉलरला सेव्हर काढून सरळ अ‍ॅल्युमिनियमचा हॉर्न लावा. उड्या मारणाऱ्या ट्रकला मात्र सेव्हर ठेवाच, फक्त कडक स्प्रिंगचा.

बसवताना आधी वीज देऊन सर्व्हो मध्यावर येऊ द्या, मगच हॉर्न लावा, आणि लगेच रेडिओत एंड पॉइंट (सर्व्होनं टोकाला किती फिरायचं ती मर्यादा) कमी करा. चाक टोकाला टेकलेलं असताना सर्व्हो गुणगुणत असेल तर तो अजून ढकलतोय, म्हणजे सतत स्टॉलचा करंट ओढतोय. असले सर्व्हो जळून येतात आणि मालक म्हणतो माल खराब निघाला.

रिसीव्हरमध्ये कपॅसिटर खोचून भागेल असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. क्षणभराचा झटका तो झेलतो, फटीत अडलेलं चाक झेलत नाही. दादाकडे तोही आहे.

हे सगळं स्टँडर्ड साइजच्या सर्व्होबद्दल आहे, छोट्या ट्रकच्या मायक्रो सर्व्होला हे आकडे लावू नका. तुमच्या गाडीत ईएससी आणि रिसीव्हर एकाच डबीत असतील तरी वेगळा बीईसी लावता येतो, सर्व्होची लाल तार तेवढी त्या डबीपासून तोडावी लागते. तुमचा बीईसी मुळातच ७.४ व्होल्ट आणि ६ अँपिअरच्या आसपास असेल तर माझं निम्मं उत्तर सोडून द्या आणि खुशाल ३५ चा घ्या, पण रिसीव्हर तेवढं व्होल्टेज सोसतो का ते त्याच्या कागदावर बघून. थेट बॅटरीवर चालणारे सर्व्होही मिळतात, ते बीईसीचा प्रश्नच मिटवतात. मात्र ८.४ व्होल्टचा सर्व्हो २-सेल लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीसाठी असतो. पूर्ण भरलेली ३-सेल लायपो १२.६ व्होल्ट देते, त्यावर तो जोडलात तर त्याचं सर्किट जळेल.